मुरूम लाइनची विहीर

जानराव आमच्याकडे आला तो दिवस माझ्या वहीत आहे. १६ जून १९५८, सोमवार. ‘खोलीला नवा माणूस मिळाला. चाळिशीचा असावा. उंच, कमी बोलणारा. बाटल्या आणण्याचं काम. सही करतो.’ एवढंच लिहिलं आहे. त्या दिवशी याहून जास्त मला दिसलं नव्हतं.

‘खोली’ म्हणजे पाणी तपासण्याची खोली. भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता आणि त्याच्याभोवती माणसं येऊन पडत होती. कोणी तंबूत, कोणी पत्र्याखाली, कोणी मातीच्या भिंती घालून. इतकी माणसं पिणार काय, हे पाहण्यासाठी एक लहानशी तुकडी नेमली होती. तिचे रसायनतज्ज्ञ आमचे यजमान. दोन टेबलं, एक कपाट, स्पिरिटचा दिवा आणि काचेची भांडी, एवढा संसार. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी माझं अक्षर घटवून घेतलं होतं, म्हणून नोंदवही माझ्याकडे आली. पुढे यजमानांनी मला साध्या तपासण्याही शिकवल्या, आणि वर्षभराने रीतसर नेमणूक झाली.

जानराव आसपासच्या गावांतून आणि मजुरांच्या वस्त्यांतून सायकलवर पाणी आणायचा. यजमानांनी त्याला एक नियम पहिल्याच दिवशी घालून दिला. बाटली भरण्याआधी ती त्याच विहिरीच्या पाण्याने तीनदा विसळायची, म्हणजे आधीच्या पाण्याचा अंशही राहत नाही. हा नियम त्याने कधी मोडला नाही. दुसरा नियम होता पाणी न चाखण्याचा. तो मात्र त्याच्याकडून पाळला जात नसे.

“साहेब, हे चरोद्याकडलं पानी जड हाय. जिभेवर बसते.”

“जानराव, जड आहे की हलकं ते बाई सांगतील. तू चाखू नकोस.”

“हाव साहेब,” तो म्हणायचा, आणि मी तपासणी केली की ते पाणी जडच निघायचं.

तो भंडारा जिल्ह्यातला. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, आणि सत्तावनच्या दसऱ्यानंतर बायको गिरजाबाई आणि मुलगी रुक्मा यांना घेऊन तो इकडे आला. त्याच्यासारखी चाळीस कुटुंबं कारखान्याच्या दक्षिणेला मुरमाच्या टेकाडावर राहत. त्या वस्तीला मुरूम लाइन म्हणत. गावाकडे या माणसांना विहिरीच्या पायरीवर चढता येत नसे. खाली घागर धरून उभं राहायचं, आणि वरून कोणी ओतेल तेवढं न्यायचं. भिलाईतला पहिला महिनाही तसाच गेला. शेजारच्या लाइनीत पूर्व विदर्भातलीच शेतकरी घरं होती, आणि त्यांच्या विहिरीवर मारोतरावांचा शब्द चाले. ते वाईट बोलत नसत. “पोरगा ओतून देईन,” एवढंच म्हणत.

म्हणून चाळीस घरांनी स्वतःची विहीर खणली. जागा जानरावने काढली. तो सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन तीन दिवस टेकाडावर फिरला. सगळीकडे खाली चुनखडीचा दगड लागायचा. एका ठिकाणी मात्र दगड फुटलेला होता, आणि सब्बल आत गेली. कामाची पाळी संपली की सगळे खणत. अठरा हातांवर पाणी लागलं, आणि इतकं लागलं की उपसून संपेना. दर चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, ते विहीर उपसून गाळ काढत, कठड्याला चुना लावत आणि पाण्यात लाल औषध टाकत. सण तिथूनच सुरू व्हायचा.

एकदा मी त्याला विचारलं, की गावोगाव पाणी आणायला जातोस तर कोणी अडवत नाही का.

तो हसला. “बाटली हातात असली का कोनी काई मनत नाही बाई. साहेब मनते मले. खाटेवर बसवते. तुमी स्वता बादली सोडा मनते, आमचा हात नोको लागाले. त्याच इहिरीवर घागर घेऊन गेलो असतो त...” आणि वाक्य सोडून तो बाटल्यांना चिठ्ठ्या लावू लागला.

मी ते वहीत लिहिलं. जे लिहिलं नाही तेही आज सांगितलं पाहिजे. आमच्या सेक्टर दोनच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात, कोनाड्यात, जानरावसाठी एक वेगळा पेला होता. तो कोणी ठेवला याची वहीत नोंद नाही. मीच ठेवला होता.

जानेवारी १९५९मध्ये मुरूम लाइनच्या विहिरीचं पाणी आमच्याकडे तपासलं गेलं. जंतू नाहीत, लोह नाही, जडपणा बेताचा. मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘पिण्यास योग्य’. यजमानांनी सही केली. जानरावने ती चिठ्ठी काचेच्या चौकटीत बसवून घरात लावली. बाबासाहेबांची तसबीर, आणि तिच्या खाली माझं अक्षर.

९ फेब्रुवारी १९६१ला रुक्माला मुलगी झाली. बाळंतपणासाठी ती आईकडे आली होती. अंगावर दूध उतरलं नाही, म्हणून दवाखान्यातून दुधाची पावडर मिळाली. मी बाळ पाहायला गेले. स्वच्छ सारवलेलं घर होतं, पाळण्याला जुन्या लुगड्याची झोळी. गिरजाबाईने विचारलं, “बाई, पावडर कशात कालवू?”

मी शाळेत शिकलेलं सांगितलं. “पाणी चांगलं उकळून घ्या. उकळल्याशिवाय थेंबही देऊ नका.”

गिरजाबाईने माझा शब्द माझ्यापेक्षा जास्त पाळला. तिच्या माहेरी काढा जसा आटवत तसं ती पाणी आटवू लागली, पातेल्यात निम्मं उरेपर्यंत. जेवढं आटवलं तेवढं शुद्ध, असा तिचा हिशेब.

मार्चच्या शेवटी बाळाचे ओठ आणि नखं निळसर दिसू लागली. रडत कमी होतं, झोपत जास्त होतं. आदल्या पावसाळ्यात त्याच वस्तीत मथुराचा अडीच महिन्यांचा मुलगा असाच काळवंडून गेला होता. तेव्हा सगळ्यांनी म्हटलं होतं, काळीज कच्चं होतं. आता रुक्माच्या बाळालाही तेच म्हणू लागले. दवाखान्यातल्या डॉक्टरांना मात्र शंका आली. त्यांनी बाळाचं दोन थेंब रक्त काढलं. ते लाल नव्हतं, चॉकलेटी होतं, आणि हवेत धरूनही लाल झालं नाही. त्यांनी यजमानांना चिठ्ठी पाठवली: ‘दुधात कालवलेल्या पाण्यातलं नायट्रेट पाहावं.’

नायट्रेट आम्ही नेहमी पाहत नसू. त्याला लागणारं आम्ल दुर्मीळ होतं, आणि पाणी निर्मळ दिसलं, जंतू नसले, की त्याची गरज कोणाला वाटत नसे. मोठ्या माणसाला त्याचा सहसा त्रास जाणवत नाही. तान्ह्या बाळाच्या पोटात मात्र त्याचं असं काही होतं, की रक्त प्राणवायू धरून ठेवत नाही.

३० मार्च. जानरावने दोन बाटल्या आणल्या. एक विहिरीची, एक गिरजाबाईच्या पातेल्यातली. या तपासणीत नायट्रेट जितकं जास्त तितका रंग पिवळा होतो, आणि तो शेजारी मांडलेल्या ठरावीक नळ्यांशी जुळवून आकडा काढायचा. चाळीस-पन्नासच्या वर तान्ह्या बाळाला धोका. विहिरीचं पाणी एकशे ऐंशीच्या नळीशी जुळलं. पातेल्यातलं कोणत्याच नळीशी जुळेना. त्यात तेवढंच शुद्ध पाणी घालून ते पातळ केलं आणि जुळलेला आकडा दुप्पट केला, तेव्हा कुठे उत्तर आलं, तीनशे चाळीस.

जानराव टेबलाजवळ उभा होता. पिवळ्याचा अर्थ त्याला समजत होता.

“उकळलेलं जास्त पिवळं कावून झालं साहेब?”

यजमान म्हणाले, “उकळून जंतू मरतात. हे वाफेबरोबर जात नाही, खाली राहतं. पाणी निम्मं झालं की हे दुप्पट होतं.”

तो माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, बघितलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी मी रुक्माला आणि बाळाला आमच्या क्वार्टरमध्ये आणलं. आमच्या नळाचं पाणी धरणाचं होतं, ते तपासलेलं होतं. गिरजाबाई बाळाला सोडायला आली आणि दारातच थांबली. मी तिला आत बोलावलं. तिने कोनाड्यातला पेला पाहिला, मग मला म्हणाली, “बाई, तुमीच सांगतलं न, उकळून पाज मनून?”

“हो. मीच सांगितलं.”

“मी त चांगलं आटोवून देत होती.” तिचा आवाज चढला नाही. “जेवढं जास्त आटोवलं तेवढं तिले जास्त देल्लं मी.”

बाळाला दवाखान्यातून औषध सुरू झालं होतं. चौथ्या दिवशी सकाळी तिची नखं गुलाबी दिसली, आणि ती भुकेने मोठ्यांदा रडली. रुक्मा हसत हसत रडत होती. मी कोनाड्यातला पेला काढला आणि बाकीच्या पेल्यांत मिसळून टाकला. याचं कौतुक कोणी करू नये, तीन वर्षं उशीर झाला होता.

पण विहीर उरली होती. वस्तीत आणखी पाच तान्ही बाळं होती, आणि दोन बायकांचे दिवस भरत आले होते. विहीर बंद करायची तर पुन्हा दुसऱ्याच्या विहिरीखाली घागर धरायची. जानरावला ते मान्य होईना.

“साहेब, त्या इहिरीत कोनाचा हात मैला नाही. आमी चपला खाली काढून कठड्यावर चढतो. घान येईन कोठून?”

लहानू नावाचा म्हातारा चौकीदार पहिल्या उन्हाळ्यापासून तिथे होता. त्याने जागा दाखवली. विहिरीच्या वर, साठ-सत्तर पावलांवर, छप्पन साली कोणा ठेकेदाराने हजारभर मजुरांसाठी संडासाचे लांब चर खोदले होते, आणि काम हलल्यावर मुरूम टाकून ते बुजवले होते. ठेकेदाराचं नाव कोणाला आठवत नव्हतं. मुरूम लाइनची माणसं आली तेव्हा वर गवत उगवलं होतं.

“मधात दगड हाय,” जानराव म्हणाला. “दगडातून नाही येत.”

“दगड फुटलेला असेल तर?” यजमानांनी विचारलं. “तुझी सब्बल जिथे आत गेली ती भेग कुठपर्यंत जाते, तुला ठाऊक आहे?”

जानरावने चरापासून विहिरीपर्यंत नजर नेली. मग म्हणाला, “पाहू.”

३ एप्रिलला त्याने स्वतः त्या बुजलेल्या चराच्या टोकाला खड्डा केला, त्यात मिठाच्या दोन गोण्या रिकाम्या केल्या आणि वरून पंधरा पिंप पाणी सोडलं. भेग असेल तर मीठ विहिरीत उतरेल, नसेल तर नाही. मग दर दोन तासांनी एक बाटली. प्रत्येक बाटली तीनदा विसळून. मी ब्युरेटने थेंब मोजत क्षार काढत होते. पहिला दिवस बासष्ट, बासष्ट, चौसष्ट. तो प्रत्येक आकड्याला मान हलवायचा, जणू मी त्याच्या बाजूने साक्ष देत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाटली घेऊन आला आणि टेबलावर न ठेवता हातात धरून उभा राहिला.

“बाई, मोजू नोका.”

“का?”

“खारं लागून रायलं.”

तरी मी मोजलं. चारशे दहा. यजमान चाखल्याबद्दल रागावले नाहीत. जानराव बराच वेळ बाहेरच्या पायरीवर बसला. मग आत येऊन म्हणाला, “ते जागा मी काहाडली साहेब. सोपी लागली मनून काहाडली. पानीबी तितूनच आलं, न हेबी तितूनच आलं.”

रविवारी, ९ एप्रिलला, वस्तीची बैठक होती. यजमानांना आणि मला बोलावलं होतं. आम्ही बाकावर, बाकी सगळे जमिनीवर. आम्हाला उठून खाली बसावं असं सुचलं नाही. जानरावने सगळं सांगितलं. देवीदास नावाचा तरुण फिटर उठला.

“मामा, काच लावून कोनं ठेवलं घरात? ‘पिण्यास योग्य’! तवा योग्य होतं, आता अयोग्य झालं. उद्या हेच लोक मनतीन, हे जमीनच तुमच्याजोगती नाही.”

लोक हसले. एकजण म्हणाला, “जानराव सायबाच्या खुर्चीजवळ उभा राहून राहून सायब झाला.”

“सायबानं नाही सांगतलं,” जानराव म्हणाला. “मीठ मीच टाकलं. मीच चाखलं. माह्या जिभेवर भरोसा नसन त सांगा.”

“मंग मारोतरावाच्या लाइनीत जाच? खाली उभं रायचं, वरून ओतून घ्याचं? त्यापरीस हेच पानी पिऊन मरू!” देवीदास म्हणाला.

या वाक्यावर पुष्कळ आवाज उठले. ते शांत होईपर्यंत मागच्या बाजूला एक बाई उभी राहिली होती. मथुरा.

“माह्याबी लेकराले मी याच पान्यात दूध देत होती,” ती म्हणाली. “होय का जानरावभाऊ?”

जानरावने मान खाली घातली.

“मरू मनतेस देवीदास. तू नाही मरत बाप्पा. लेकरं मरते. बंद करा.”

कोणी मत घेतलं नाही. त्याच दुपारी जानरावने रहाट उतरवला, विहिरीवर फळ्या टाकल्या आणि खिळे ठोकले. घरी जाऊन त्याने ती काचेची चौकट काढली आणि मला आणून दिली. माझ्या कपाटात ती अजून आहे.

टाउनशिपकडून रोज एक टँकर येऊ लागला. अर्ध्या घरांना पुरेल इतकाच. मंगळवारी जानराव मारोतरावांच्या विहिरीवरून बाटली भरून घेऊन आला. आम्ही या वेळी सगळं पाहिलं, नायट्रेटसुद्धा. ते अकरा निघालं. मी सवयीने चिठ्ठीवर लिहू लागले तेव्हा त्याने हात पुढे केला.

“‘योग्य’ लिहू नोका बाई. काय पायलं ते लिहा. न काय नाही पायलं तेबी लिहा.”

मी तसं लिहिलं. त्यानंतर मी कोणत्याही चिठ्ठीवर तो शब्द लिहिलेला नाही.

शुक्रवारी चौदा एप्रिल. जयंती. मला बोलावणं होतं. सुट्टीमुळे टँकर आला नाही. मी पोहोचले तेव्हा कमानीला पताका लावल्या होत्या, आणि बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. जानरावने नवा पांढरा सदरा घातला होता. त्याने गिरजाबाईच्या हातातली घागर घेतली आणि शेजारच्या लाइनीकडे चालू लागला. गिरजाबाई मागून, तिच्यामागे बाकीच्या, आणि सगळ्यांच्या शेवटी मी.

मारोतराव कठड्यापाशी दात घासत उभे होते. “जानराव! आज सुट्टीच्या दिवशीबी बाटली?”

“बाटली नाही मारोतराव. घागर हाय.”

मारोतरावांनी मागे पाहिलं. तीस-पस्तीस बायका होत्या. “बरं बरं. थांबा. पोराले बोलावतो, ओतून देईन.”

“ओतून नोको. मी काहाडतो.”

“आता, तसं कसं...”

“मंगळवारी याच बादलीनं काहाडलं न मी? तुमीच मनलं, स्वता काढा.”

“ते सरकारी काम होतं जानराव.”

“हात तेच होते.”

मारोतराव हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. जानराव पायरी चढला, कठड्याखाली चपला काढल्या, बादली सोडली. पाणी वर आलं. त्याने घागरीत थोडं ओतलं, हात आत घालून फिरवलं आणि सांडून दिलं. पुन्हा ओतलं, पुन्हा फिरवलं, सांडलं.

मारोतरावांची बायको बेबीताई दारातून ओरडली, “अवो, उन्हाळ्याचं पानी सांडून कावून राहिले?”

“इसळून राहिलो वहिनी. तीनदा. नियम हाय.”

तिसऱ्यांदा विसळून त्याने घागर काठोकाठ भरली आणि गिरजाबाईच्या डोक्यावर दिली. मग बादलीचा दोर मथुराच्या हातात दिला. मारोतराव तोंड न धुताच घरात निघून गेले. बेबीताई मात्र बाहेर आली. तिची स्वतःची घागर कठड्यावर ठेवलेली होती. तिने ती उचलून बाजूला घेतली, मथुराला उभं राहायला जागा झाली. मथुराने बादली सोडली.

मुरूम लाइनला नळ आला तो २ जूनला. तोपर्यंत त्या विहिरीवर रोज पाणी भरलं गेलं. दोनदा भांडण झालं, एकदा देवीदासचं डोकं फुटलं, तेही वहीत आहे.

जानराव बाटल्या आणतच राहिला. दर वर्षी जयंतीच्या आदल्या दिवशी तो बंद विहिरीची एक फळी काढायचा आणि एक बाटली भरून आणायचा. हे काम त्याला कोणी सांगितलं नव्हतं. यजमान म्हणायचे, दगडातलं पाणी विसरतं, पण सावकाश. बासष्टला एकशे एकाहत्तर. त्रेसष्टला एकशे बावन्न. पासष्टला पाऊस कमी झाला आणि आकडा अडून बसला. सदुसष्टला ब्याण्णव. एकोणसत्तरला एकेचाळीस. तोवर वस्ती उठून सेक्टरांतल्या क्वार्टरांत गेली होती आणि ते पाणी प्यायला टेकाडावर कोणी उरलं नव्हतं.

“एकेचाळीस,” मी म्हणाले. “जानराव, उतरलं.”

त्याने नळीतला फिकट पिवळा रंग उजेडात धरून पाहिला. “मारोतरावाच्या इहिरीसारखं पंधराच्या खाली येऊ द्या,” तो म्हणाला, आणि पुढच्या वर्षासाठी रिकामी बाटली कपाटात उभी करून ठेवली.

पुढचं वर्ष त्याला मिळालं नाही. जानेवारीत न्यूमोनियाने तो गेला. त्या एप्रिलला रुक्मा आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला, रत्नमालाला, घेऊन टेकाडावर गेली. बाटली रत्नमालाने आणली. मी विचारलं, विसळली होतीस का?

“तीनदा,” ती म्हणाली. “आजोबा सांगून गेले.”

अडतीस.